पुतणी डॉक्टर, पुतण्या आरोग्य अधिकारी : स्टेथोस्कोप कोणाला कोणता?

प्रश्न थोडक्यात सांगते. खानापूर तालुक्यातल्या एका एकत्र कुटुंबातल्या काकांनी तो विचारला आहे. थोरल्या भावाची मुलगी बेळगावात एमबीबीएस झाली, आता तिची इंटर्नशिप सुरू होतेय. धाकट्या भावाचा मुलगा बीएस्सी नर्सिंग करून जांबोटीच्या पुढच्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, म्हणून रुजू झालाय. दोघांच्या कौतुकासाठी घरच्यांनी मिळून २५ हजार रुपये जमवलेत आणि दोघांनाही स्टेथोस्कोप द्यायचा विचार आहे. सर्जिकलच्या दुकानात त्यांना सुचवलं गेलं, की मुलीला वीस-बावीस हजारांचं कार्डिओलॉजी मॉडेल घ्या आणि मुलाला आठशे रुपयांचा साधा, नर्सिंगच्या कामाला तेवढा पुरतो. घरातही तसंच ठरत आलंय. हे योग्य आहे का, आणि नसेल तर कोणता घ्यावा?

काका, माझ्या मते हे योग्य नाही. दोघांना एकच मॉडेल द्या, मधल्या किमतीतलं, चांगल्या कंपनीचं. आणि एकच चांगला स्टेथोस्कोप घेण्याइतके पैसे असते, तर तो उपकेंद्रावरच्या मुलाला द्या असं मी सांगितलं असतं. मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. बेळगावात माझा दवाखाना आहे, निपाणी-खानापूरकडचे पेशंट रोज येतात, आणि इंटर्न मुलामुलींना खाटेशेजारी उभं करून ऐकायला शिकवणं हे काम मी मनापासून करते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुतणी जिथं इंटर्नशिप करेल ते शिकवणारं मोठं रुग्णालय. तिथं तिला छातीत काही वेगळं ऐकू आलं तर थोड्या वेळात एक्स-रे निघतो, ईसीजी होतो, गरज पडली तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होते, आणि सीनियर येऊन पुन्हा तपासतात. तिच्या कानातून एखादी गोष्ट निसटली तरी ती पकडणारी माणसं आणि यंत्रं तिच्या मागे उभी आहेत. पुतण्याकडे काय आहे? बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर, थर्मामीटर, ठरावीक औषधं, आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर बोलायला मिळणारे डॉक्टर. कणकुंबीच्या बाजूला जुलैत पाऊस लागला आणि लाइट-रेंज गेली की तेवढ्या वेळापुरते डॉक्टरही नाहीत. समोर धाप लागलेला माणूस बसलाय, आणि त्याला चाळीस-पन्नास किलोमीटरवर बेळगावला पाठवायचं की इथंच थांबवायचं, हे या पोराला ठरवायचंय. ज्याच्याजवळ दुसरं यंत्र नाही, त्याच्या कानातलं यंत्र हलकं असून कसं चालेल?

एक उदाहरण घेऊ. पन्नाशीची बाई, आयुष्य चुलीपुढे गेलेलं. येऊन म्हणते, 'दम लागूलाय बघा, चार दिस झाले.' या एका तक्रारीमागे निदान चार वेगळे आजार असू शकतात. श्वास सोडताना दोन्ही बाजूंना शिट्टीसारखा आवाज येत असेल तर श्वासनळ्या आकसल्यात. दमा, किंवा वर्षानुवर्षांच्या धुरानं झालेला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी, पाठीकडून ऐकताना, श्वास घेतेवेळी बारीक तडतड येत असेल आणि पायांवर सूज असेल, तर हृदय कमी पडतंय का ही शंका घ्यायची. एकाच बाजूला खाली श्वासाचा आवाजच येत नसेल आणि बोटानं ठोकल्यावर तिथं भरीव लागत असेल, तर फुप्फुसाभोवती पाणी झालंय, आणि आपल्याकडे त्यामागे टीबी आहे का ते शोधावंच लागतं. एकाच जागी खरखर आणि सोबत ताप असेल तर न्यूमोनिया. पहिल्या आजारात श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधानं तिथंच आराम पडू शकतो. दुसऱ्यात रात्र घरी काढू देणं धोक्याचं. तिसऱ्यात एक्स-रे आणि बेडका तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या चार वाटा वेगळ्या करायला उपकेंद्रावर माणसाचे कान आणि त्यातल्या दोन नळ्या एवढंच साधन आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबलेल्या बायका, उद्यमबागच्या फाउंड्रीतले कामगार, उसाच्या फडातली टोळी, यांच्या छात्या मी रोज ऐकते. त्यातल्या कितीतरी जणांना पहिल्यांदा कान लावणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती, नर्स होती, आणि तिनं वेळेवर पाठवलं म्हणून ते माझ्यापर्यंत पोचले.

आता दुसरं उदाहरण, कारण त्यातून कोणता स्टेथोस्कोप घ्यायचा हेही कळतं. लहानपणी घसा दुखणं, सांधे सुजणं असं होऊन गेलेल्या काही मुलींच्या हृदयाची झडप आतून खराब होत राहते. त्याला ऱ्हुमॅटिक हृदयविकार म्हणतात. शहरात तो कमी झालाय, गावाकडून अजून येतो. मुलगी धडधाकट दिसते, लग्न होतं, दिवस जातात. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं आणि अरुंद झालेल्या झडपेला ते पेलत नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात तिला धाप लागायला लागते आणि घरचे म्हणतात, पोटुशी आहे, व्हायचंच. तिला डाव्या कुशीवर वळवून, हृदयाच्या टोकापाशी स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे वाटीसारखी उघडी बाजू, अगदी हलक्या हातानं टेकवली तर खालच्या पट्टीत घुमणारा आवाज येतो. डायफ्राम, म्हणजे पसरट पडद्याची बाजू, दाबून ठेवली तर तो आवाज नाहीसा होतो. तुमच्या पुतण्याकडे गावातल्या सगळ्या गरोदर बाया तपासणीला येणार आहेत. हा आवाज नेमका कशाचा हे त्यानं सांगावं अशी अपेक्षा नाही. 'इथं काहीतरी वेगळं ऐकू येतंय' एवढं कळून त्यानं पुढे पाठवलं तरी एक बाई आणि एक बाळ वाचतं.

म्हणून खरेदीतली पहिली अट: स्टेथोस्कोपला खालच्या आणि वरच्या, दोन्ही पट्ट्यांतले आवाज ऐकायची सोय हवी. जुन्या पद्धतीच्या दुहेरी चेस्टपीसमध्ये, म्हणजे छातीला टेकवायच्या धातूच्या भागात, एका बाजूला पसरट डायफ्राम असतो, तो श्वासाचे आणि हृदयाच्या नेहमीच्या ठोक्यांचे वरच्या पट्टीतले आवाज पकडतो. दुसऱ्या बाजूला वाटीसारखी उघडी बेल असते, ती घुमणारे खालचे आवाज पकडते. बेल जोरात दाबली तर तिच्या खालची कातडी ताणून तीच डायफ्रामसारखी वागते, आणि खालचे आवाज जातात. नव्या प्रकारात डायफ्रामच असा बसवलेला असतो की हलका टेकवला तर खालची पट्टी, दाबला तर वरची. दोन्ही प्रकार चांगले आहेत. लिटमन या नावाजलेल्या ब्रँडच्या क्लासिक थ्री मॉडेलमध्ये दोन्ही बाजूंना हा दाबानुसार बदलणारा डायफ्राम आहे, एक मोठा आणि एक लहान. लहान बाजूचा डायफ्राम काढून तिथं रबरी कडा बसवली की उघडी बेल तयार होते.

ही लहान बाजू मुलांसाठी म्हणून विकली जाते, पण आपल्या भागात तिचा आणखी एक उपयोग आहे. टीबीनं किंवा उपासमारीनं वाळलेल्या माणसाच्या बरगड्यांवर मोठी चकती नीट बसत नाही. कडेनं फट राहते, बाहेरचा आवाज आत शिरतो आणि आतला ऐकू येत नाही. लहान बाजू दोन बरगड्यांमध्ये अलगद बसते. एकाच स्टेथोस्कोपवर मोठा माणूस, अशक्त म्हातारा आणि वर्षाचं पोर तिन्ही तपासता येतात, आणि उपकेंद्रावर हेच तिघं रांगेत एकामागोमाग असतात.

मी सुचवते ते हेच मॉडेल: लिटमन क्लासिक थ्री, २७ इंची ट्यूबचं. आपल्याकडे त्याची किंमत साधारण ८ ते ११ हजारांच्या मध्ये असते, रंग आणि दुकान यांवर थोडी वरखाली होते. दोन घेऊनही तुमच्या २५ हजारांत बसतात. क्लासिकला कंपनीची ५ वर्षांची हमी आहे. लिटमन हा ब्रँड बरीच वर्षं थ्रीएम या कंपनीकडे होता. २०२४ मध्ये थ्रीएमचा आरोग्य विभाग सॉल्व्हेंटम या नावानं वेगळा झाला, त्यामुळे डब्यावर ते नाव दिसलं तर दचकू नका, माल तोच आहे.

मग लिटमनचंच महागातलं कार्डिओलॉजी फोर हे मॉडेल वाईट आहे का? मुळीच नाही, उत्तम आहे. चेस्टपीस खोल, एका ट्यूबच्या आत दोन वेगळ्या वाहिन्या, आवाज भरदार येतो. पण किंमत क्लासिकच्या दुपटीच्या घरात, वजनही थोडं जास्त, आणि त्या जादा भरदारपणाचा खरा फायदा बारीक मर्मर, म्हणजे हृदयातले जादा सळसळते आवाज, रोज ऐकणाऱ्याला होतो. पुतणीनं पुढे मेडिसिन किंवा हृदयरोगाचं पीजी घेतलं तर तेव्हा तिनं स्वतः निवडून घ्यावा. ती उद्या कान-नाक-घशाकडे किंवा डोळ्यांकडे वळली तर वीस हजारांचा स्टेथोस्कोप खणात पडून राहील. शिवाय इंटर्नशिपमध्ये वॉर्डात स्टेथोस्कोप हरवतात. कॅज्युअल्टीत घाईत कोणीतरी 'जरा दे' म्हणून घेतो आणि तो तिसऱ्याच्या गळ्यात दिसतो. हे प्रत्येक रुग्णालयात चालतं. तिनं तो जीव मुठीत धरून वापरावा असं तुम्हाला वाटणार नाही.

आवाज मोठा येणं आणि आवाज ओळखता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेने लेनेक यानं १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात एका तरुण मुलीच्या छातीला थेट कान लावायला संकोच वाटला म्हणून कागदाची गुंडाळी केली आणि तिच्यातून ऐकलं. पुढे त्यानं लाकडाची नळी करून घेतली. त्या नळीतून ऐकत त्यानं टीबी, न्यूमोनिया आणि फुप्फुसाभोवतीचं पाणी यांचे आवाज वेगवेगळे केले, मृत रुग्णांच्या शवविच्छेदनाशी ताडून पाहिले आणि १८१९ मध्ये प्रसिद्ध केले. आम्ही आजही छातीत जे ऐकतो त्याची नावं बऱ्याच अंशी त्यानं दिलेली आहेत. कान तयार होतात ते एकाच साधनातून रोज ऐकून. स्टेथोस्कोप दर सहा महिन्यांनी बदलला तर नेहमीचा आवाज कसा असतो हेच डोक्यात पक्कं होत नाही. म्हणून टिकाऊ, कानाला न टोचणारा आणि रोज गळ्यात राहील असा हवा.

आठशे रुपयांच्या साध्या स्टेथोस्कोपबद्दल कोणी गैरसमज करून घेऊ नये. बीपी मोजायला तो चालतो. नर्सिंगची कितीतरी मुलं त्याच्यावरच शिकली आहेत आणि उत्तम काम करताहेत. त्याची अडचण बहुतेक वेळा चेस्टपीसमध्ये नसते, कानाशी असते. इअरटिप, म्हणजे कानात घालायची बोंडं, कडक प्लास्टिकची, कानात न बसणारी. ट्यूब पातळ, बाहेरचा आवाज आत घेणारी. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी एवढे पैसे नसतील, तर कर्ज काढून लिटमन घेऊ नका. मायक्रोटोनसारख्या देशी स्टेथोस्कोपमधला जड धातूचा चेस्टपीस, जाड ट्यूब आणि मऊ इअरटिप असलेला बघून घ्या. दुकानात चार-पाच कानाला लावून बघितले तर दीड-दोन हजारांच्या आतही चांगलं काम देणारा सापडतो, आणि त्याची ट्यूब, इअरटिप हे भाग बदलून मिळतात.

कानाचं मी वारंवार बोलतेय, कारण अर्धा निकाल तिथंच लागतो. इअरटिप कानाच्या भोकात घट्ट पण न दुखता बसली पाहिजे. तिच्या बाजूनं फट राहिली की सगळ्यात आधी खालच्या पट्टीतले आवाज गळतात, म्हणजे तीच बिचारी गरोदर मुलगी हातची जाते. त्यात उपकेंद्राच्या छपरावर पाऊस आपटत असेल, किंवा बेळगावच्या वडगाव-खासबागेत शेजारी यंत्रमाग चालू असतील, तर फट असलेल्या स्टेथोस्कोपमधून तुम्ही पाऊस आणि मागच ऐकाल. प्रत्येकाच्या कानाचं भोक वेगळं, बाईचं बहुधा लहान. चांगल्या स्टेथोस्कोपबरोबर लहान-मोठ्या इअरटिप मिळतात, त्या बदलून बघायच्या. धातूच्या दोन नळ्या कानात घालताना त्यांची टोकं पुढे, नाकाच्या दिशेनं झुकलेली असावीत. उलटे घातले तर नळी कानाच्या भिंतीवर टेकते आणि काहीच ऐकू येत नाही. नव्या मुलांच्या 'मॅडम, आवाजच येईना' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हे असतं, नाहीतर चेस्टपीस दुसऱ्या बाजूला फिरलेला असतो.

म्हणून माझी आग्रहाची सूचना: लपवून नेऊन चकित करण्याचा विचार सोडा. दोघांना सोबत घेऊनच दुकानात जा. बेळगावच्या खडेबाजाराच्या बाजूला, शनिवारच्या गर्दीत गेलात तर आणखी चांगलं. कानात घातल्याबरोबर रस्त्यावरचा गोंगाट एकदम दबला पाहिजे. दबला नाही तर इअरटिप बदला. मग चेस्टपीस फिरवून 'टक्' असा बसतो का बघा आणि डायफ्रामवर बोटाचं टोक हलकं फिरवा, त्या बाजूनं आवाज यायला हवा. नंतर दुसऱ्या बाजूला फिरवून तेच. मग मुलीनं आपल्या भावाचं हृदय ऐकावं, भावानं तिचं फुप्फुस पाठीकडून. धातूच्या नळ्यांचा ताण फार असेल तर तासाभरात कान ठणकतात. नळ्या हातांनी हळूच फाकवून तो कमी करता येतो, दुकानदाराला करून दाखवायला सांगा.

ट्यूबची लांबी २७ इंच सांगितली ती कामाकडे बघून. आखूड ट्यूबनं आवाज सुधारतो असं म्हणतात, पण रोजच्या कामात तो फरक जाणवत नाही. लांब ट्यूबनं मात्र पाठ वाचते. घरभेटीत पेशंट जमिनीवर घोंगडीवर झोपलेला असतो. बाईला तपासताना थोडं अंतर राखता आलं तर तिलाही बरं वाटतं. चेस्टपीस पदराखालून सरकवावा, पण कापडावरून ऐकू नये, कापडाची सळसळ छातीतल्या तडतडीसारखीच वाटते. पुरुषांच्या छातीवरचे केसही अगदी तसाच आवाज करतात; थोडं दाबून किंवा केस पाण्यानं ओले करून ऐकलं की खरं-खोटं कळतं.

नकली मालाबद्दल सावध राहा. लिटमनच्या नावानं बनावट स्टेथोस्कोप सर्रास विकले जातात, आणि ऑनलाइन जो भाव पाहून आनंद होतो तोच बहुधा संशयाचा असतो. क्लासिक थ्री तीन हजारांत कोणी देत असेल तर तो क्लासिक थ्री नाही. अस्सल मालावर सिरीयल नंबर कोरलेला असतो. अधिकृत विक्रेता आहे का ते विचारा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या, हमीसाठी तेच लागतं. बेळगावात मिळाला नाही तर कोल्हापूर किंवा मिरजेहून आणायलाही हरकत नाही. मिरज हे वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलच्या काळापासून दवाखान्यांचं गाव, सर्जिकलची जाणती दुकानं तिथं आहेत. फक्त बिलाशिवाय घेऊ नका, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो.

डिजिटल स्टेथोस्कोपबद्दल थोडक्यात. आवाज कितीतरी पट मोठा करणारे, बाहेरचा गोंगाट कापणारे आणि मोबाइलवर साठवणारे आता मिळतात. मुंबईच्या आयआयटीतून पुढे आलेल्या तरुणांनी साध्या स्टेथोस्कोपला जोडायचं आयुसिंक नावाचं देशी उपकरणही केलंय, आणि लांबच्या डॉक्टरला आवाज पाठवायला ते उपयोगी आहे. ज्यांना कमी ऐकू येतं अशा डॉक्टर-नर्सना डिजिटल हे वरदान आहे, त्यांनी किमतीकडे न बघता तेच घ्यावं. तुमच्या मुलांना आत्ता नको. चार्जिंगवर चालणारी वस्तू जांबोटीच्या पुढे पावसाळ्यात ऐन वेळी बंद पडणार.

रंग मुलांना निवडू द्या. काळ्या ट्यूबवर डाग दिसत नाहीत, रंगीत ट्यूब हरवली तर चटकन ओळखू येते. इंद्रधनुषी किंवा सोनेरी चेस्टपीसला जादा पैसे पडतात, आवाजात त्यानं काही फरक पडत नाही. नाव कोरून घ्यायचं तर जरूर घ्या, पण दोन-तीन दिवस वापरून बघितल्यावर, कारण नाव कोरलेला माल दुकानदार परत घेत नाही. कोरायचं ते चेस्टपीसच्या धातूवर, लेझरनं. डायफ्रामवर काही कोरू नये, चिकटवू नये.

निगा राखायची म्हणजे मुख्य म्हणजे तेल आणि ऊन यांपासून वाचवायचा. ट्यूब पीव्हीसीची असते. मानेचा घाम आणि केसांचं तेल लागत राहिलं की ती कडक होते, मग तडकते. आपल्याकडे बाया-पोरी केसांना खोबरेल लावतात, म्हणून तो कॉलरवरून घालावा, उघड्या मानेवर नको. दुचाकीच्या डिकीत उन्हात ठेवू नये. दर पेशंटनंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं चेस्टपीस पुसायचा. पाण्यात बुडवायचा नाही, उकळायचा नाही, आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरनंही पुसायचा नाही, त्यातले इतर पदार्थ ट्यूब खराब करतात. पुसणं हा सोपस्कार समजू नका. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयातला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणीनंतर डायफ्रामवर जितके जंतू सापडले ते डॉक्टरांच्या बोटांची टोकं सोडली तर हाताच्या इतर सगळ्या भागांपेक्षा जास्त होते. म्हणूनच ट्यूबवर चढवायचं शिवलेलं कापडी कव्हर कोणी प्रेमानं दिलं तरी वापरू नये, ते रोज धुतलं जात नाही.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडाल तेव्हा हे दोन स्टेथोस्कोपही मांडा, फार छान वाटेल. हळदकुंकू मात्र डब्याला लावा. कुंकवाची बारीक पूड डायफ्रामच्या कडेत शिरली तर ती निघत नाही.

घरात कोणी म्हणेल, ती डॉक्टर, तो नर्स, दोघांना सारखंच कसं? त्यांना वर लिहिलेली चुलीपुढची बाई सांगा. मोठ्या रुग्णालयातही रात्री दोन वाजता वॉर्डात पेशंटची छाती आधी नर्सच ऐकते आणि ती उठवते म्हणून डॉक्टर उठतात. या मुलानं जंगलातल्या गावात राहायचं स्वीकारलंय. घरानं त्याच्या हातात आठशेची वस्तू ठेवली, तर आपल्या कामाची घरानं काय किंमत केली हे त्याला बोलल्याशिवाय कळेल. हे मला या सगळ्या तांत्रिक गोष्टींइतकंच महत्त्वाचं वाटतं.

दोन स्टेथोस्कोप घेऊन काही हजार उरतील. त्यातून दोघांना सेकंदकाटा असलेली साधी, भरवशाची मनगटी घड्याळं घ्या. लहान मुलाला न्यूमोनिया आहे का हे ठरवताना पहिली गोष्ट मोजतात ती श्वासाची गती, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील तर तो जलद श्वास. त्यासोबत श्वास घेताना छाती खाली आत ओढली जात असेल तर धोका वाढतो. मूल रडत असताना स्टेथोस्कोपनं काहीच धड कळत नाही. आईच्या मांडीवर शांत झाल्यावर नुसतं बघून मोजलं तरी कळतं. मोबाइलवर वेळ बघता येते, पण एक डोळा बाळाच्या छातीवर ठेवून ते जमत नाही.

आणि मुलासाठी बीपीच्या यंत्राचा मोठा कफ. कफच्या आतल्या रबरी पिशवीनं दंडाचा निदान ८० टक्के घेर वेढला पाहिजे. जाड दंडाला नेहमीचा कफ बांधला तर बीपी खरं नसताना जास्त दिसतं आणि माणसाला उगाच गोळी सुरू होते. वाळलेल्या दंडाला मोठा कफ बांधला तर उलट, असलेलं बीपी लपतं. तिशीनंतरच्या सगळ्यांचं बीपी तपासणं हे त्याच्या रोजच्या कामात आहे, आणि दंड काही सगळ्यांचे सारखे नसतात. कफ यंत्राच्या मॉडेलप्रमाणे घ्यावा लागतो, तेव्हा दुकानात निघण्याआधी त्याच्या उपकेंद्रावर कोणतं यंत्र आहे आणि कोणत्या मापाचे कफ आधीच आहेत, ते त्याला फोन करून विचारून घ्या.